वजन उचलायचे, पण सुरुवात कुठून?

इंदूरहून एका भगिनीचे पत्र आले आहे. चार पाने, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. बहुतेक सगळा मजकूर मुलाविषयी आहे आणि अगदी शेवटी, समासात वळवून, पाच ओळींचा ता. क. स्वतःविषयी.

मुलगा सतरा वर्षांचा, बारावीला. दिवाळीनंतर त्याने घराजवळच्या व्यायामशाळेत नाव घातले. तीन महिन्यांची फी एकदम भरली. पहिल्याच दिवशी त्याला भिंतीवरचा छापील तक्ता दाखवण्यात आला. सोमवारी छाती, मंगळवारी पाठ, बुधवारी खांदे, गुरुवारी दंड, शुक्रवारी पाय, शनिवारी पुन्हा छाती. रोज पाच-सहा प्रकार, प्रत्येकाचे चार-चार सेट. चिरंजीवांनी त्यात मोबाइलवर पाहिलेले आणखी दोन प्रकार घातले. चौथ्या आठवड्यात उजवा खांदा वर जाईना. आता व्यायामशाळा बंद, प्रोटीनचा अर्धा डबा कपाटावर, आणि वडील येता-जाता म्हणतात, ‘पैसे पाण्यात गेले.’ बाई विचारतात, ‘या वयात वजनं उचलू द्यावीत का? उंची खुंटते म्हणतात. आणि उचलायचीच, तर कोणता तक्ता बरोबर? प्रत्येक जण वेगळंच सांगतो.’

ता. क.कडे मी शेवटी येणार आहे.

उंचीची भीती आधी काढून टाकतो. योग्य पद्धतीने, कोणाच्या तरी नजरेखाली वजने उचलल्याने वाढत्या मुलाची उंची खुंटते, याला काहीही आधार सापडलेला नाही. बालरोगतज्ज्ञांच्या संघटनाही आता हेच सांगतात. मुलांना इजा होतात त्या एकटेच, ईर्ष्येने, ‘बघू किती उचलतं’ म्हणून झेपणार नाही एवढे वजन घेतल्याने. उंची खरोखर खुंटवणारी एक गोष्ट मात्र काही व्यायामशाळांच्या आसपास फिरत असते, ती म्हणजे स्टेरॉइडची गोळी किंवा इंजेक्शन. वाढत्या वयात ती घेतली, तर हाडांची वाढ जिथून होते ती टोके वेळेआधीच बंद होऊ शकतात. तेव्हा वजनाला भिऊ नका. ‘लवकर बॉडी बनवून देतो’ म्हणणाऱ्याला जरूर भ्या.

आता तक्त्याविषयी. इथे थोडे स्वतःचे सांगायला हवे. मी एकोणीस वर्षांचा होतो तेव्हा आमच्या गावच्या तालमीत मित्राने एक परदेशी मासिक आणले. त्यात एका नामांकित शरीरसौष्ठवपटूचा सहा दिवसांचा कार्यक्रम चित्रांसह छापला होता. आम्ही दोघांनी तो वहीत उतरवून घेतला आणि दुसऱ्या दिवसापासून सुरू केला. अकराव्या दिवशी जमिनीवरचा रॉड उचलताना माझ्या कमरेत चमक भरली. तीन आठवडे मी पाटावर बसून जेवूसुद्धा शकलो नाही. परत गेलो तेव्हा वस्तादांनी एवढेच म्हटले, ‘पोरा, नुसता रॉड उचल. प्लेटा मी लावीन, माझ्या हातानं.’ पुढचे वीस दिवस त्यांनी एकही प्लेट लावली नाही. मला भयंकर अपमान वाटला होता. पुढे पी. टी. शिक्षक म्हणून तीस वर्षे मुलांना शिकवताना मी तेच केले आणि त्यांनाही तो अपमानच वाटत असणार.

भिंतीवरचा तो तक्ता चुकीचा नाही. तो दुसऱ्या कोणासाठी तरी आहे. जो चार-पाच वर्षे नियमाने वजने उचलतो, ज्याला बैठक कशी घालायची आणि पाठ कशी ठेवायची याचा विचारही करावा लागत नाही, तो एका दिवशी एकच अवयव घेऊन त्याच्याकडून भरपूर काम करून घेऊ शकतो. नवशिक्याचे तसे नसते. त्याला आधी ती हालचाल शिकायची असते. वजन घेऊन बैठक मारणे ही पेटी वाजवण्यासारखी, टायपिंगसारखी शिकण्याची गोष्ट आहे. तक्त्याप्रमाणे पायांचा दिवस आठवड्यातून एकदा येतो, म्हणजे वर्षात ५२ वेळा. त्यातले परीक्षा, लग्नकार्य, ताप-पडसे वजा जाता चाळीसही उरत नाहीत. तीच बैठक आठवड्यातून तीनदा, पण थोडी-थोडी केली तर वर्षात १५६ वेळा होते. पेटी शिकणाऱ्याला आपण ‘दर शुक्रवारी चार तास बस, बाकी दिवस हात लावू नकोस’ असे सांगू का?

पहिले सहा-आठ आठवडे ताकद वाढते ती मुख्यतः अशा शिकण्यानेच. स्नायू त्या काळात फारसे जाड झालेले नसतात; मेंदू आणि मज्जातंतू आहे त्याच स्नायूंकडून जास्त काम घ्यायला शिकतात. म्हणून नव्या मुलाला वाटते, की आपण भराभर बलवान होतो आहोत, आणि तो भराभर प्लेटा वाढवतो. पण स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्या, म्हणजे कंडरा आणि सांध्यांचे बंध, स्नायूंच्या मानाने फार सावकाश बळकट होतात. दुसऱ्या महिन्यात अंगात जोर असतो आणि दोऱ्या अजून कच्च्या असतात. इंदूरच्या मुलाने तर घाई करून चौथ्या आठवड्यातच तो प्रसंग आणला. त्याच्या तक्त्यात छाती आठवड्यातून दोनदा आणि पाठ एकदा आहे, हेही पाहा. पुढे ढकलायचे दुप्पट, मागे ओढायचे निम्मे. खांदा कुरकुरणारच. त्याला एकदा अस्थिरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्ट यांना दाखवा, आणि ते सांगेपर्यंत डोक्यावर वजन नको. पाय मात्र बंद ठेवायचे कारण नाही.

मग किती करावे? दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या लष्करी रुग्णालयात थॉमस डिलॉर्म नावाचा एक तरुण डॉक्टर गुडघे जायबंदी झालेल्या सैनिकांवर उपचार करीत होता. लहानपणच्या आजारानंतर त्याने स्वतः वजने उचलून प्रकृती सुधारली होती, म्हणून त्याने सैनिकांनाही वजने उचलायला लावली. दर काही दिवसांनी वजन थोडे वाढवायचे. १९४५ साली त्याने ही पद्धत प्रसिद्ध केली तेव्हा दहा-दहा वेळांचे सात ते दहा सेट सांगितले होते. पण अनुभव घेत घेत १९४८ साली वॉटकिन्स या सहकाऱ्याबरोबर लिहिताना तो तीन सेटवर आला. एवढे नवशिक्याला पुरे होते. आज जगभर कोणत्याही व्यायामशाळेत ‘दहाचे तीन सेट’ हा जो मंत्र ऐकू येतो, त्याचे मूळ मुख्यतः तिथे आहे. ज्याने सगळे सुरू केले त्यानेच कमी करत आणले, हे आमच्या तक्तेवाल्यांनी ध्यानात घ्यावे.

तर सतरा वर्षांच्या मुलासाठी माझा तक्ता असा. आठवड्यातून तीन दिवस, सोमवार, बुधवार, शुक्रवार. मधले दिवस चालणे, सायकल, क्रिकेट, काहीही. प्रत्येक दिवशी सगळे शरीर. बैठक, सुरुवातीला छातीशी एक डंबेल धरून. कमरेतून वाकून जमिनीवरचे वजन उचलणे, पाठ सरळ ठेवून. याला डेडलिफ्ट म्हणतात आणि माझी कमर इथेच गेली होती, म्हणून हे शिकवणारा माणूस समोर असल्याखेरीज रॉडला हात लावू नये. ढकलण्याचा एक प्रकार, जोर किंवा बाकावर झोपून रॉड वर नेणे. ओढण्याचा एक प्रकार, वाकून डंबेल पोटाकडे आणणे किंवा मशिनची दोरी ओढणे. डोक्यावर डंबेल नेणे, त्याच्या बाबतीत खांदा बरा झाल्यावर. आणि शेवटी दोन्ही हातांत वजने घेऊन ताठ चालणे, आपल्या आज्या दोन कळशा घेऊन चालत तसे. पाच प्रकारांचे दोन सेट, महिन्याभराने तीन. चालण्याच्या दोन खेपा. दोन सेटच्या मध्ये दोन मिनिटे विश्रांती. सुरुवातीला तीच हालचाल रिकाम्या हातांनी किंवा रिकाम्या रॉडने करून अंग गरम करायचे. सगळे मिळून पाऊण तास.

(टीव्हीवर ऑलिम्पिकमध्ये दिसते ते वेटलिफ्टिंग वेगळे. त्यात स्नॅच आणि क्लीन अँड जर्क हे दोनच प्रकार असतात आणि ते शिकायला त्यातलाच प्रशिक्षक लागतो.)

वजन किती घ्यावे, हा खरा प्रश्न. आठ वेळा उचलून झाल्यावर ‘अजून दोन-तीनदा तरी जमलं असतं’ असे वाटले पाहिजे. पहिल्या दिवशी ते फार हलके वाटेल. वाटू द्या. मग रोजचा आकडा वहीत लिहायचा. समजा, ओढण्याच्या प्रकारात १५ किलो घेतले आणि ८, ८, ७ असे झाले. पुढच्या खेपेला ८, ८, ८. मग ९, ९, ८. असे करत तिन्ही सेटमध्ये १२ झाले, आणि तेही लागोपाठ दोन दिवस, की मगच वजन वाढवायचे, तेही हाताशी असेल त्या सर्वांत लहान टप्प्याने. रॉडला सहसा दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा किलोची प्लेट, म्हणजे एकूण अडीच किलो. वजन वाढले की आकडा पुन्हा आठवर येईल, आणि तिथून पुन्हा वर चढायचे. यात कंटाळवाणे पुष्कळ आहे. पण ही वही नसली की मुलगा शेजारच्या बाकावरच्या मुलाकडे बघून वजन ठरवतो.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग दुखेल. स्नायू सगळीकडून ठणकत असेल, तर ते दोन-तीन दिवसांत जाते. सांध्यात एकाच जागी टोचल्यासारखे, चमकल्यासारखे दुखले, तर तो प्रकार त्या दिवशी तिथेच थांबवायचा. वजन वर नेताना श्वास सोडायचा, कोंडून ठेवायचा नाही; रक्तदाब असलेल्यांनी तर मुळीच नाही. हृदयविकार, हर्निया, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असेल, तर आधी डॉक्टर आणि मग डंबेल.

सतराव्या वर्षी दंडातली बेटकुळीच आधी दिसावी असे वाटते. त्यात मुलाचा दोष नाही. शुक्रवारी सगळे झाल्यावर आरशासमोर दंडाचे दोन सेट करू द्या. नाही म्हणालात तर तो घरी येऊन पाण्याची बादली घेऊन करील.

डब्याविषयी थोडे. प्रोटीनची पावडर म्हणजे विष नाही. चांगल्या कंपनीची असेल तर ती बहुधा दुधापासूनच काढलेली असते. पण गरज आहे का? वजने उचलणाऱ्याला रोज शरीराच्या दर किलोमागे साधारण १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिने पुरतात. मुलगा ६० किलोचा असेल, तर ७२ ते ९६ ग्रॅम. अर्धा लिटर दुधातून १६ ग्रॅम, दोन अंड्यांतून १२, पन्नास ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांतून २६, मूठभर शेंगदाण्यांतून सात-आठ. वर दोन वेळचे वरण आणि पोळ्या आहेतच. अंडी चालत नसतील, तर पनीर आणि मटकी वाढवा. उघडलेला डबा संपवून टाका, पैसे दिले आहेत. दुसरा आणू नका.

आता ता. क. तो असा आहे: ‘मी ४८ वर्षांची आहे. परवा गॅसचा सिलिंडर जागचा हलवता आला नाही, शेजारच्या मुलाला बोलवावं लागलं. पाच वर्षांपूर्वी मी एकटी हलवत होते. आमच्या वयाला असलं काही चालतं का? हसू नका.’

बाई, हसलो नाही. हे वाचून मला माझी आई आठवली. तिने आयुष्यभर पाटा-वरवंटा, हंडे-कळशा केल्या. आम्ही मिळवते झालो तसे तिच्या हातून एकेक काम काढून घेतले. मिक्सर आणला, नळाला तोटी आली, ‘आई, तू बस, मी उचलतो’ हे आमच्या घरातले सर्वांत प्रेमाचे वाक्य होते. पासष्टीनंतर तिला जमिनीवरून उठताना धरावे लागू लागले, तर आम्ही तिला जमिनीवर बसूच दिले नाही, खुर्ची आणली. एकाहत्तराव्या वर्षी न्हाणीघराच्या उंबऱ्यात तिचा पाय अडखळला. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, पण काठीशिवाय ती पुन्हा चालली नाही. मी त्या वेळी रोज शंभर मुलांना व्यायाम शिकवत होतो. घरातल्या एका माणसाला शिकवावा, हे माझ्या डोक्यातसुद्धा आले नाही.

वजन उचलणे हे बायकांचे काम नाही, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. २००० साली सिडनीत कर्णम मल्लेश्वरीने ब्राँझ आणलं, २०२१ साली टोकियोत मीराबाई चानूने ४९ किलो गटात ११५ किलो डोक्यावर धरून रौप्य आणलं. पण खरे तर एवढ्या दूर जायची गरज नाही. घरातले वजन नेहमी बायकांनीच उचलले आहे. फक्त आता ते उरलेले नाही आणि त्याच्या जागी दुसरे काही आलेले नाही. चाळिशीनंतर स्नायू हळूहळू झिजत जातात, आणि पाळी थांबल्यावर काही वर्षे हाडे फार वेगाने विरळ होतात. चालणे हृदयाला उत्तम, पण या दोन्ही गोष्टींना ते पुरे पडत नाही. हाडाला भार लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या सूचनांतही चालण्या-फिरण्याखेरीज आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायूंच्या बळकटीचा व्यायाम सांगितलेला आहे. ऑस्ट्रेलियात, पाळी थांबलेल्या आणि हाडे विरळ झालेल्या शंभरएक स्त्रियांवर झालेला एक प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या निम्म्या स्त्रियांनी आठ महिने आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास चांगली जड वजने उचलली. त्यांच्या कण्याच्या हाडांची घनता वाढली. हलका व्यायाम करणाऱ्या दुसऱ्या गटात ती वाढली नाही. ती वजने जड होती हे खरे, पण त्यांना हळूहळू तिथवर नेण्यात आले होते आणि प्रत्येक खेपेला प्रशिक्षित माणूस समोर उभा होता, हे विसरू नका.

तुम्ही घरीच सुरुवात करा. मंगळवार आणि शनिवार. हात न टेकता खुर्चीवरून आठ वेळा उठायचे आणि सावकाश बसायचे. धपकन बसलात तर ते मोजायचे नाही. भिंतीला हात टेकून आठ जोर. मग एक मजबूत कापडी पिशवी घ्या आणि तिच्यात पाण्याच्या लिटरच्या बाटल्या ठेवा. एक लिटर म्हणजे एक किलो, इतका सोयीचा वजनकाटा दुसरा नाही. तीन बाटल्यांपासून आरंभ करा. पिशवी आधी स्टुलावर ठेवा, कमरेतून वाका, गुडघे थोडे मोडा, पाठ सरळ, आणि पिशवी अंगालगत घेऊन उभ्या राहा. जमू लागले की स्टूल काढून पिशवी खालच्या पाटावर, मग जमिनीवर. तीच पिशवी एका हाताने पोटाकडे ओढा, दुसरा हात ओट्यावर टेकून. अर्ध्या-अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या डोक्यावर न्या. शेवटी दोन पिशव्या घेऊन गच्चीच्या दोन फेऱ्या. प्रत्येकाचे दोन सेट. बारा-बारा सहज होऊ लागले की एक बाटली वाढवायची. मनगट किंवा मणका आधी कधी मोडला असेल, किंवा हाडे विरळ झाल्याचे तपासणीत निघाले असेल, तर हे सारे डॉक्टरांना दाखवून मगच करा.

दहा बाटल्या झाल्या की घरचे पुरे. मग मुलाबरोबर व्यायामशाळेत जा. त्याची उरलेली फी तुमच्या नावावर करून घेता येते का, तेही विचारून बघा. वडिलांचे समाधान होईल. तुम्ही आलेल्या त्याला आवडणार नाही, पण तुमच्यासमोर तो झेपणार नाही असे वजनही उचलणार नाही.

दोघांना मिळून एकच वही करा, डावे पान त्याचे, उजवे तुमचे. भरलेला सिलिंडर साधारण तीस किलोचा असतो. तो उचलायचा नाही, फक्त तिरपा करून फिरवत जागचा हलवायचा आहे. सहा महिन्यांनी पत्र लिहा. सिलिंडर हलला का, ते ता. क. म्हणून समासात नको, पहिल्या ओळीत लिहा.